‘कुटुंब दत्तक’ उपक्रम आणि सांस्कृतिक सक्षमता : वैद्यकीय शिक्षणातील समाजसेवेची एक चिकित्सा

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक’ उपक्रमाचा समावेश केला. या उपक्रमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील तीन ते पाच कुटुंबे ‘दत्तक’ घ्यावयाची असून त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा शिक्षणाच्या पहिल्या तीन टप्प्यांत करावयाचा आहे. त्यासाठी पहिल्या टप्प्यात २७, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात २१ असे एकूण ७८ तास ठरवून देण्यात आले आहेत. त्याआधी, २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा स्वतंत्र विभाग आला होताच. रुग्णाच्या संस्कृतीचे भान असलेला डॉक्टर घडावा आणि तो गावात जाऊन घडावा, हा या दोन्ही योजनांमागील हेतू आहे. हेतूविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. मात्र हा हेतू ज्या शब्दांत, ज्या वेळापत्रकात आणि ज्या नात्यांत बसवला गेला आहे, त्यांची चिकित्सा होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात ती महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भाच्या संदर्भात केली आहे.

सुरुवात ‘दत्तक’ या शब्दापासूनच करावी लागते. मराठी समाजात दत्तकविधान ही काही किरकोळ गोष्ट नाही. दत्तक जाणारे मूल जन्मघराचे नाव, गोत्र आणि कूळ सोडून दत्तक घेणाऱ्याच्या घरचे होते. घेणारा वडीलधारा, संपन्न आणि नाव देणारा असतो. जाणारा लहान असतो व त्याला नाव मिळते. आता सत्तरी ओलांडलेली आजी, तिचा शेतमजूर मुलगा, सून आणि नातवंडे यांना अठरा वर्षांचा विद्यार्थी ‘दत्तक घेतो’, असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते? वास्तवात शिकणारा विद्यार्थी असतो आणि शिकवणारे कुटुंब असते. आपला उंबरा, आपला वेळ, आपली दुखणी ते कुटुंब विद्यार्थ्यापुढे मोकळी करते. दत्तक गेलाच असेल तर विद्यार्थी गेला आहे. शब्दांची ही उलटापालट केवळ भाषिक ढिलाई नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ‘दत्तक गावां’पासून ही संज्ञा महाविद्यालयीन व्यवहारात रुळली आणि तिच्यासोबत देणारा-घेणारा हे नातेही रुळले. शिबिरांचे आयोजन केलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला हे नाते ओळखीचे वाटेल.

पूर्वपरंपरा

वैद्यकीय विद्यार्थ्याला समाजात नेण्याची कल्पना भारतात नवी नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात ‘सामाजिक वैद्य’ घडवण्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये वैद्यकीय शिक्षण लोकांच्या गरजांपासून तुटल्याची नोंद केली. १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्अभिमुखीकरणाची योजना आली आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. फिरत्या दवाखान्यांसाठी मोठ्या गाड्याही देण्यात आल्या. गाड्या आल्या, वृत्ती आली नाही. योजना हळूहळू विस्मरणात गेली.

याला महाराष्ट्रातच एक अपवाद होता. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रथम वर्षाचे विद्यार्थी आधी आश्रमातील शिबिरात राहतात, नंतर एका खेड्यात मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांशी पुढेही संपर्क ठेवतात. आजच्या उपक्रमाचे बीज येथे दिसते. फरक आहे तो मुक्कामाचा. गावात राहणारा विद्यार्थी सकाळी पाणी कोण भरते, रात्री कोण उपाशी निजते, कोणत्या वस्तीच्या विहिरीवर कोण जात नाही, हे न विचारताही पाहतो. तीन तासांसाठी बसने येऊन परतणाऱ्याला यातले काही दिसण्याचा संभव कमी असतो. त्याला दिसते ते पाहुण्याला दाखवण्यासाठी आवरलेले घर.

संकल्पनेचा प्रवास

‘सांस्कृतिक सक्षमता’ ही संज्ञा अमेरिकेतून आली आहे. परिचर्येच्या क्षेत्रात मॅडेलिन लायनिंजर यांनी आंतरसांस्कृतिक शुश्रूषेची मांडणी त्याआधीच केली होती. १९८९ मध्ये टेरी क्रॉस आणि सहकाऱ्यांनी अल्पसंख्य समूहांतील मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेसंदर्भात ‘सक्षम’ व्यवस्थेची कल्पना मांडली. पुढे ती वैद्यकीय शिक्षणात शिरली आणि शिरताना तिचे रूप पालटले. क्रॉस यांचा भर व्यवस्थेवर होता. वर्गात पोचेपर्यंत ती व्यक्तीची क्षमता झाली आणि क्षमता म्हटली की तिची यादी व परीक्षा आलीच. अमुक समाजाचे लोक डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, तमुक समाजात निर्णय घरातील कर्ता पुरुष घेतो, अशी टिपणे पाठ करणे म्हणजे सक्षमता, असा समज रूढ होऊ लागला.

या विपर्यासावर दोन महत्त्वाचे आक्षेप घेण्यात आले. पहिला मेलनी टर्व्हेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांचा. १९९८ मध्ये त्यांनी सक्षमतेऐवजी ‘सांस्कृतिक नम्रता’ ही संज्ञा सुचवली. दुसऱ्याची संस्कृती हा संपवण्याचा धडा नसून स्वतःकडे आयुष्यभर पाहत राहण्याची आणि डॉक्टर-रुग्ण यांच्यातील सत्तेची विषमता ओळखण्याची ती शिस्त आहे, असा त्यांचा आशय होता. दुसरा आक्षेप मानववंशशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांचा. त्यांनी १९७८ मध्येच सहकाऱ्यांसह रुग्णाच्या ‘स्पष्टीकरण-प्रारूपा’ची कल्पना मांडली होती : आजाराला रुग्ण काय म्हणतो, तो कशामुळे झाला असे त्याला वाटते, त्याची सर्वांत मोठी भीती कोणती, हे डॉक्टरने विचारावे. २००६ मध्ये त्यांनी पीटर बेन्सन यांच्यासमवेत, संस्कृती ही जणू रक्तदाबासारखी मोजण्याची बाब आहे असे मानणाऱ्या प्रशिक्षणावर टीका केली. २०१४ मध्ये जोनाथन मेट्झल आणि हेलेना हॅन्सन यांनी आणखी पुढे जाऊन ‘संरचनात्मक सक्षमता’ मांडली. रुग्ण औषध का घेत नाही याचे उत्तर त्याच्या श्रद्धेत शोधण्याआधी त्याच्या रस्त्यात, रोजगारात आणि रेशनमध्ये शोधावे, असा त्याचा मथितार्थ.

भारतीय अभ्यासक्रमाने या वादातील पहिलीच पायरी उचलली आणि उरलेल्या गाळल्या, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

भाषेचा प्रश्न

सांस्कृतिक सक्षमतेची पहिली कसोटी भाषेत लागते. मराठी बोलणाऱ्या रुग्णाकडे दुखण्याचे केवढे शब्द आहेत! अंगात ‘कणकण’ आहे, ‘कसर’ आहे आणि ‘ताप’ आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदवहीत त्या तिन्हींचा एकच इंग्रजी शब्द होतो. ‘चमक’ वेगळी, ‘ठणका’ वेगळा, ‘कळ’ वेगळी. ‘जिवाची घालमेल’ ही हृदयाची तक्रार आहे की मनाची, हे बोलणाऱ्या बाईला ठरवायचे नसते. मासिक पाळीसाठी ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ असे आडून बोलणे आहे. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य तर स्त्री तेव्हाच उच्चारते, जेव्हा समोरच्यावर तिचा काही भरवसा बसलेला असतो. ‘उष्णता झाली’, ‘पपई गरम पडते’ अशा वाक्यांमागे एक संपूर्ण आहारशास्त्र उभे असते. त्यातील काही तपासण्याजोगे, काही टाकाऊ. पण ते माहीतच नसेल तर गर्भवतीला दिलेला सल्ला तिच्या कानापर्यंत पोचतो, ताटापर्यंत नाही.

आधुनिक वैद्यक आणि लोकभाषा यांचे नाते नेहमी विरोधाचेच राहिले, हा समजही भाषाच खोडून काढते. मराठीत लसीकरणाला ‘देवी काढणे’ किंवा ‘देवी टोचणे’ म्हणत. रोगाचे नाव देवीचे आणि तिच्या प्रतिबंधाचे नावही देवीचेच! लोकांनी लस नाकारली नाही की देवीही सोडली नाही; त्यांनी दोन्हींना एका क्रियापदात सामावून घेतले. अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान एवढ्याच चौकटीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला हा एक शब्दप्रयोग बरेच काही शिकवू शकेल.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. देशपातळीवरील कोट्यातून परराज्यांतील विद्यार्थी महाराष्ट्रात येतात आणि त्यांच्यासाठी आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचे काही तास असतात. स्थानिक भाषा म्हणजे अर्थातच मराठी. पण भामरागडच्या माडिया कुटुंबात, धारणीच्या कोरकू घरात किंवा धडगावच्या पावरी बोलणाऱ्या पाड्यावर प्रमाण मराठी ही सरकारी कचेरीची भाषा असते. तेथे लातूरचा विद्यार्थी आणि लखनौचा विद्यार्थी सारखेच परके. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ नंतर आधी माडिया भाषा शिकून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्या कृतीचा गौरव भावनेने होतो. तिचा शैक्षणिक अर्थ मात्र क्वचितच उलगडला जातो. भाषा शिकताना डॉक्टर काही काळ अडखळणारा, चुकणारा, हसू होणारा माणूस बनतो. सत्तेची विषमता तेवढ्यापुरती उलटते. कोणत्याही व्याख्यानाने हे साधत नाही.

गडचिरोलीचा धडा आणि त्याची मर्यादा

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित त्यांचा शोधनिबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक विकार आढळले. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे आकडे वारंवार उद्धृत होतात. सांस्कृतिक सक्षमतेच्या दृष्टीने मात्र आकड्यांहून महत्त्वाचे आहे ते त्यांच्यापर्यंत जाण्याचा मार्ग. विवाहित-अविवाहित स्त्रिया अशा तपासणीस तयार होतात, यामागे दीर्घ संवाद असतो. तो संवाद डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकात नोंदला गेला आहे. शरीर, पाळी, बाळंतपण, गर्भपात याविषयी ग्रामीण स्त्री काय जाणते, हे तेथे तिच्याच बाजूने मांडले आहे. त्यांचे ‘गोईण’ हे पुस्तक तर झाडांशी असलेल्या स्त्रियांच्या मैत्रीचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही दोन्ही पुस्तके पाठ्यपुस्तकांशेजारी असावयास हवीत.

शोधग्रामच्या रुग्णालयाची हकिकतही बोलकी आहे. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हा प्रश्न आदिवासींनाच विचारण्यात आला. मोठी इमारत, पांढरे डगले आणि नातेवाइकांना बाहेर थांबवणारे नियम यांची भीती त्यांनी सांगितली. मग रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे, नातेवाइकांसह राहता येईल असे उभारले गेले आणि त्याला माँ दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. येथे रुग्णाला रुग्णालयाच्या संस्कृतीत सक्षम करण्याऐवजी रुग्णालय रुग्णाच्या संस्कृतीत सक्षम झाले. क्रॉस यांना अभिप्रेत असलेली व्यवस्थेची सक्षमता ती हीच.

तरीही या उदाहरणांचा उपयोग जपून करावयास हवा. बंग, आमटे किंवा बैरागडचे कोल्हे दांपत्य यांनी आयुष्य त्या भूमीत घालवले. त्यांच्या कार्याची चित्रफीत दाखवून विद्यार्थ्याला ७८ तासांच्या भेटींसाठी प्रेरित करणे म्हणजे वारीचे वर्णन वाचून पायाला फोड येण्याची अपेक्षा करणे. विभूतिपूजेने विद्यार्थी एकतर भारावतो किंवा ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून सुटका करून घेतो. अनुकरण करता येण्याजोगी गोष्ट एवढीच उरते की, त्यांनी आधी विचारले आणि मग दिले. कुटुंब दत्तक उपक्रमात पहिल्या भेटीपासून वजन-उंची, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांची नोंद सुरू होते. विचारण्याची जागा प्रश्नावलीने घेतलेली असते.

आदराची सीमा

संस्कृतीचा आदर म्हणजे प्रत्येक रूढीपुढे मान तुकवणे का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो टाळता येत नाही. मेळघाटात आजारी बालकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ ही पद्धत आहे. तेथे सांस्कृतिक नम्रतेच्या नावाखाली गप्प बसणे हा अपराधच ठरेल. मात्र बालकाला ‘भूमका’कडे नेणारी आई क्रूर नसते. ती घाबरलेली असते, आणि भूमका रात्री दोन वाजताही दार उघडतो. आरोग्य केंद्राचे दार तेव्हा उघडे होते का, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या नोंदवहीत कोठेही नसतो.

गडचिरोलीतील ‘कुर्माघर’ हे याहून अवघड उदाहरण आहे. पाळीच्या दिवसांत गोंड-माडिया स्त्रियांनी गावाकडेच्या झोपडीत राहण्याची ही प्रथा. मोडक्या छपराखाली साप-विंचवांच्या भयात काढलेल्या त्या रात्री आरोग्याच्या आणि प्रतिष्ठेच्या दृष्टीने असह्य आहेत. अलीकडे काही गावांत पक्की, शौचालय व पाण्याची सोय असलेली कुर्माघरे बांधण्यात आली. यावर दोन मते पडतात. एका मते, स्त्रियांचा आजचा त्रास आज कमी होतो. दुसऱ्या मते, सिमेंटने विटाळच पक्का होतो. या वादात बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने निकाल देऊ नये, हे खरे. पण त्याने ‘संस्कृती’ नावाच्या एका मूर्तीला विचारण्याऐवजी कुर्माघरात बसणारी मुलगी, तिची आई आणि गावचा पुजारी या तिघांना वेगवेगळे विचारावे. तिघांची उत्तरे एक असतीलच असे नाही. संस्कृती ही एकजिनसी वस्तू नसून तिच्या आतही वाद चालू असतो, हे त्याला याहून चांगल्या रीतीने कळणार नाही.

उलट बाजूने, संस्कृतीचे नाव पुढे करून व्यवस्थेचे अपयश झाकण्याचा प्रकारही महाराष्ट्राला अपरिचित नाही. मेळघाटातील बालमृत्यूंच्या चर्चेत आदिवासींच्या ‘अज्ञाना’चा उल्लेख सर्वांत आधी होतो, रिक्त पदे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि रोजगारासाठीचे स्थलांतर नंतर. ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने आदिवासी भागांसह ग्रामीण आणि शहरी वस्त्यांतील बालमृत्यूंची नोंद अपुरी होत असल्याचे दाखवले होते. ज्या मृत्यूंची नोंदच होत नाही, त्यांचे कारण आईच्या श्रद्धेत शोधण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

वसतिगृहातील संस्कृती

या सर्व योजनेतील सर्वांत मोठी उणीव अशी की, तिच्यात संस्कृती नेहमी गावात असते. विद्यार्थ्याला, त्याच्या प्राध्यापकाला आणि रुग्णालयाला ती असत नाही! वास्तविक वैद्यकीय महाविद्यालयालाही त्याची सोवळी-ओवळी आहेत : श्रेणीक्रम, इंग्रजीचा दरारा, प्रवेशाच्या गुणांवरून होणारी कुजबुज. मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात २०१९ मध्ये आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली आणि सहकाऱ्यांकडून जातीय छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. तो खटला न्यायालयाचा विषय आहे. शिक्षणाच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे की, ज्या आदिवासीची संस्कृती समजून घेण्यासाठी बस गावाकडे निघते, तो आदिवासी शेजारच्या बाकावरही बसलेला असतो. त्या बाकासाठी अभ्यासक्रमात एकही तास राखून ठेवलेला नाही.

आयोगाची स्वतःची सक्षमताही डळमळती राहिली आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत न्यायवैद्यकाच्या भागात समलैंगिक संबंधांना पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत बसवण्यात आले आणि अपंगत्वविषयक क्षमता वगळण्यात आल्या. तीव्र टीकेनंतर त्या सूचना काही दिवसांतच मागे घेण्यात आल्या व सुधारित आवृत्ती काढावी लागली.

परिचर्येच्या विद्यार्थिनींचा येथे स्वतंत्र उल्लेख हवा. त्यांच्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्याचे क्षेत्रकार्य फार पूर्वीपासून आहे आणि त्यांतील अनेकींची नाळ खेड्याशी जुळलेली असते. ‘बाळंतिणीला शेक का देतात’ हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आशा कार्यकर्तीचेही तसेच. मात्र गावभेटीत आशाताई वाट दाखवतात आणि परिचर्येची विद्यार्थिनी रक्तदाबाचे यंत्र धरते. शिकवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात येत नाही. वास्तविक गृहाधारित नवजात-सेवेचा गडचिरोलीतील प्रयोग, ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, गावातील प्रशिक्षित स्त्रियांच्याच बळावर उभा होता आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. ज्ञान खालून वर जाऊ शकते, याचा हा पुरावा.

मूल्यमापन कोणाचे?

उपक्रमाचे मूल्यमापन सध्या नोंदवही आणि विभागप्रमुखांची स्वाक्षरी यांवर चालते. नोंदवहीत किती भेटी झाल्या हे समजते. त्या कशा झाल्या, हे समजत नाही. ज्या कुटुंबाने तीन वर्षे दार उघडे ठेवले, त्याच्या मताला तेथे जागा नाही. त्या कुटुंबातील बाईला दोनच प्रश्न विचारता येतील : या मुलाने तुमचे ऐकून घेतले का, आणि त्याने सांगितलेले तुम्हाला समजले का? तिच्या उत्तराला गुण दिले, तर विद्यार्थी तिच्यासमोर वेगळ्या रीतीने बसेल.

दुसरी गोष्ट बिगरवैद्यकीय महाविद्यालयांच्या हातात आहे. समाजशास्त्र, मराठी आणि आदिवासी बोलींचे अभ्यासक प्राध्यापक त्याच जिल्ह्यात असतात आणि त्यांचे विद्यार्थी अनेकदा त्याच गावचे असतात. कला शाखेत शिकणारी माडिया किंवा कोरकू भाषक मुलगी वैद्यकीय विद्यार्थ्याची भाषाशिक्षिका होऊ शकते, आणि त्या कामाचे मानधन व श्रेयांक तिला मिळू शकतात. दोन महाविद्यालयांत असा करार होण्यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. अडसर आहे तो वेगळाच : वैद्यकीय महाविद्यालयाला कला महाविद्यालयाकडून काही शिकावयाचे आहे, हे आधी मान्य व्हावे लागेल.

राहता राहिला प्रश्न कुटुंबाचा. तिसऱ्या टप्प्यानंतर विद्यार्थी वरच्या अभ्यासाकडे वळतो आणि भेटी थांबतात. पुढल्या वर्षी नवी तुकडी येते, नव्या प्रश्नावलीसह, आणि त्याच आजीला तिच्या गुडघ्याविषयी पुन्हा पहिल्यापासून विचारते. आधीच्या विद्यार्थ्याने लिहिलेली माहिती महाविद्यालयाच्या कपाटात असते. तिची एक प्रत, तिला वाचता येईल किंवा तिच्या नातीला वाचून दाखवता येईल अशा भाषेत, त्या घरात ठेवण्याची तरतूद करण्यास फार खर्च येणार नाही.